मेरेआनाने लावलेला तुकडा

मेरेआना हॅमंड कशालाच भीत नाही, असं आमच्या दक्षिण किनाऱ्यावर सगळेच म्हणत, आणि म्हणायला कारणही होतं. दरवर्षी एप्रिल लागला की आम्ही टीटी या समुद्रपक्ष्याची पिल्लं पकडून खारवायला बेटांवर जातो. तिथे ओल्या मातीत पालथं पडून खांद्यापर्यंत हात बिळात घालायचा आणि आत काय आहे ते न बघता, नुसतं चाचपून पिल्लू ओढून काढायचं, हे काम ती सातव्या वर्षापासून करत आली होती. चोच लागली तर शिवी हासडायची आणि पुन्हा हात घालायचा. बोट लाटेवर उभी राहिली आणि भल्याभल्यांनी बादल्या जवळ ओढल्या, तरी ही बाई मांडी घालून सँडविच खात बसलेली असे.

तिला भीती होती ती एकाच गोष्टीची, आणि ती तिने सख्ख्या भावालाही कधी सांगितली नव्हती. घर गरम ठेवणाऱ्या हीट पंपाचा घराबाहेरचा डबा उघडला की आत जो सर्किट बोर्ड दिसतो, त्याची.

आता याला काय म्हणावं, कारण तिचा धंदाच तो. ब्लफ बंदरातल्या मासळीच्या कारखान्यात शीतगृहं सांभाळत तिने उमेदीची वीस वर्षं काढली. कॉम्प्रेसरच्या अंगाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, याचं बेअरिंग गेलं. पुढे घरोघरी हीट पंप आले, तशी ती त्यांच्या मागे गेली. पण बोर्ड काही कॉम्प्रेसरसारखा बोलत नाही. त्याच्यावरचा लाल दिवा चारदा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा चारदा लुकलुकतो, आणि चार म्हणजे काय ते पुस्तकात शोधावं लागतं. शिवाय बाहेरची वीज बंद केली तरी त्याच्या पोटात वीज साठून राहते. नऊ वर्षांपूर्वी मेरेआनाने घाई केली, स्विच बंद करून लगेच हात घातला, आणि शुद्धीवर आली तेव्हा ती दहिवर पडलेल्या गवतावर उताणी होती. डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. तेव्हापासून डबा उघडला की तिचा हात कापायचा. कुणी पाहू नये म्हणून ती घरमालकाला चहा टाकायला आत पाठवायची आणि होईल तितक्या लवकर झाकण लावून मोकळी व्हायची.

त्या वर्षी मार्चच्या तीस तारखेला, बेटावर निघायच्या आदल्या दिवशी, नोरीन आंटीचा फोन आला. नोरीन आंटी म्हणजे तिच्या आईची बहीण. वय एक्याऐंशी, रिव्हर्टनला एकटीच राहायची. नवरा स्टॅन जाऊन तीन वर्षं झाली होती.

"पोरी, माझं यंत्र डोळे मिचकावतंय गं. गरम काही होत नाही. तुम्ही सगळे जाल दोन महिने, आणि मी इथे गोठून मरेन. आल्यावर मला खारवून बादलीत भरा."

मेरेआना गेली. दिवा चारदा लुकलुकत होता. कॉम्प्रेसरमधून जी नळी तापून बाहेर येते, तिचं तापमान मोजणारा सेन्सर मेला होता. बोर्ड त्याला विचारतो, नळी किती तापली? उत्तर आलं नाही तर बोर्ड सगळं बंद करून बसतो, आणि बसावंच त्याने. नवा सेन्सर तिने मागवला, पण तो ऑकलंडहून यायला दहा दिवस लागणार होते. बोट सकाळी सहाला सुटणार होती. व्हॅनमध्ये मिठाची पोती चढवायची राहिली होती आणि तिचा भाऊ कॉलिन दर दहा मिनिटांनी फोन करून जीव खात होता.

तिने मेलेल्या सेन्सरच्या दोन तारा कापल्या आणि त्यांच्या जागी एक रेझिस्टर जोडला. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा तुकडा. आता बोर्डाने कितीही वेळा विचारलं तरी हा तुकडा एकच उत्तर देणार होता: सगळं ठीक आहे. नळी लाल झाली तरी सगळं ठीक आहे. यंत्रातला गॅस पुरेसा आहे की नाही ते बघायला हवं होतं, पण त्यासाठी आणखी अर्धा तास त्या डब्यापाशी बसावं लागलं असतं. तिने झाकण लावलं. कामगार झाकणाच्या आतल्या बाजूला नाव आणि तारीख लिहितात, तीही नेहमी लिहायची. त्या दिवशी तिने लिहिली नाही.

"झालं?" आंटीने खिडकीतून विचारलं.

"झालं. आता काळजी नको."

पंधरा दिवसांत कुणाला तरी पाठवू, आमच्याकडे थंडी कुठे मेच्या आधी पडते, असं मनाशी म्हणत तिने वेळ मारून नेली.

बेटावर फोन लागत नाही. रेडिओ असतो. ब्लफला डेस नावाचा म्हातारा कोळी आहे, त्याच्या स्वयंपाकघरात रेडिओचा खोका आहे. घरची माणसं त्याला फोन करतात आणि तो रोज सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी सहाला सगळ्यांचे निरोप वाचून दाखवतो. आपल्याला निरोप असो नसो, प्रत्येक बेटावर माणसं चहाचा मग घेऊन ऐकत बसतात. कुणाची गाय व्याली, कुणाच्या जावयाने गाडी ठोकली, सगळं सगळ्यांना कळतं. बेटावर खासगी असं काही नसतं.

दुसऱ्याच आठवड्यात डेसचा आवाज आला. "मेरेआनाला निरोप. नोरीन म्हणते, घर नुसतं ऊबदार झालंय. मेरेआनाचे हात सोन्याचे आहेत. ओव्हर."

झोपडीत सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मेरेआना मात्र उठली. तिने माईक उचलला. सांगावं, आत्ताच सांगावं, असं तिला वाटलं. पण दहा-बारा बेटं कान लावून बसली होती, आणि त्या प्रत्येक बेटावर अशी माणसं होती ज्यांच्या घरचा हीट पंप तिने बसवला होता.

"तिला म्हणावं, फार चालवू नकोस. ओव्हर."

"का गं, वीज महाग झाली म्हणून? ओव्हर."

पलीकडच्या बेटावरून अंकल वाटीचं हसू ऐकू आलं. मेरेआनाही हसली. "तसंच समज," ती म्हणाली.

त्यानंतर प्रत्येक चांगला निरोप तिला वाईट वाटू लागला. आंटी मजेत आहे म्हटलं की तिला दिसे, यंत्र चालू आहे. आंटीने शेजारणींना पत्ते खेळायला बोलावलं म्हटलं की तिला दिसे, यंत्र जोरात चालू आहे. पिल्लांची पिसं उपटताना तिची बोटं आपोआप चालत आणि मनात हिशेब चालू राही. खाऱ्या हवेने नळ्यांना बारीक भोकं पडतात. गॅस थोडा थोडा जातो. गॅस कमी झाला की कॉम्प्रेसर तापतो. कॉम्प्रेसरच्या डोक्यावर आणखी एक बटण असतं, फार तापला तर ते उडायला हवं, पण किनाऱ्यावरच्या घरांत ते वेळेवर उडेलच असं ती स्वतःच कधी छातीठोकपणे सांगत नसे. आणि तो डबा स्टॅनने बांधलेल्या लाकडी भिंतीला टेकून उभा होता. भिंतीच्या आतल्या बाजूला आंटीचा पलंग होता. या सगळ्या गोष्टी तिला मार्चमध्येही ठाऊक होत्या, याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

मेच्या शेवटी परतायचं, तर दक्षिणेचा वारा सुटला. बोट येईना. मुख्य भूमीवर कडाक्याचं दहिवर पडत असल्याचं डेस रोज सांगत होता. चौथ्या संध्याकाळी तो म्हणाला, "मेरेआना, नोरीनचा निरोप. बाहेरच्या डब्यातून पिसं जळल्यासारखा वास येतो म्हणे. पण यंत्र झकास चाललंय, तू काळजी करू नकोस. ओव्हर."

"तुझ्या आठवणीने पक्षी भाजायला घेतले असतील म्हातारीने," कॉलिन म्हणाला.

मेरेआनाला लगेच कळलं. पिसांचा कसला वास, तो तारांवरचं प्लास्टिक जळल्याचा होता. ती माईककडे गेली, पण तेवढ्यात अंकल वाटी मधेच आला, त्याला मीठ कमी पडत होतं, आणि तो बोलत राहिला, आणि वेळ संपली. खरं सांगायचं तर तो आला म्हणून तिला बरंच वाटलं.

जेवणं झाल्यावर तिने कॉलिनला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. त्याने आधी झोपडीचं दार ओढून घेतलं.

"रेडिओवर नको बोलूस, सिस."

"घराला आग लागली तर?"

"दोन महिने लागली नाही ना? दोन दिवसांनी बोट येईल. गुपचूप जा, बदलून टाक. एकदा का हे या खोक्यात बोललीस की संपलं. लायसन्स जाईल. आणि लायसन्स राहिलं तरी तुला दारात कोण उभं करणार आहे?"

त्याचं चुकत नव्हतं. रात्रभर ती टक्क जागी होती. पहाटे तिच्या एक गोष्ट लक्षात आली आणि तिला स्वतःची किळस आली. आपण रात्रभर आंटीचा विचार केलेलाच नाही, लायसन्सचा केला.

साडेआठला तिने डेसला निरोप वाचूच दिले नाहीत.

"डेस, मेरेआना बोलतेय. नोरीन आंटीला आत्ता फोन लाव. यंत्र बंद करायला सांग. रिमोटने नाही, रिमोटने ते नुसतं थांबतं, डब्यातली वीज तशीच राहते. बाहेर भिंतीवर स्विच आहे, त्याने. ओव्हर."

"बरं. पण झालंय काय? ओव्हर."

कॉलिनने डोळे मिटून घेतले.

"त्यात मी सेन्सर बसवलेला नाही. खोटा तुकडा लावलाय. यंत्र कितीही तापलं तरी त्याला कळत नाही. मला मार्चपासून ठाऊक आहे. लवकर कर, डेस. ओव्हर."

रेडिओवर नुसती खरखर राहिली. मग डेसने फोन लावल्याचा आवाज आला. त्याने माईक उघडाच ठेवला होता.

"ती म्हणते, स्विच हलत नाही. गंजलाय."

"दिवाणखान्यातल्या कपाटात बटणांची फळी आहे. त्यावर हीट पंपाचं बटण बघायला सांग."

बराच वेळ गेला. "ती म्हणते, स्टॅनने पेन्सिलीने लिहिलंय. एकावर 'धुणं'. एकावर 'कोंबड्या'. एकावर लिहिलंय 'विचारू नका'."

एरवी सगळी बेटं हसली असती.

"मेन बंद कर म्हणावं. सगळ्यात मोठं बटण. सगळ्या घराची वीज जाऊ दे."

"ती म्हणते, फ्रीजरमध्ये मागच्या वर्षीचे पक्षी आहेत, ते वितळतील."

"पक्षी गेले चुलीत!" मेरेआना किंचाळली. "तिला म्हणावं, बटण दाब आणि घराबाहेर जा! आणि डब्याला हात लावू नकोस!"

पुन्हा खरखर. मग डेस म्हणाला, "फोन तुटला."

आंटीचा फोन विजेवर चालणारा होता. मेन बंद केलं तर तो तुटणारच. पण आग लागली तरी तो असाच तुटला असता, हेही तिला माहीत होतं. डेस शेजारच्या ग्रेअमला फोन लावत होता. तो गोठ्यात होता, उचलत नव्हता. बेटाबेटांवर चहाचे मग तसेच निवले. कॉलिनने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तिला तो खांदा आपला आहे असंही वाटेना. सोळा मिनिटं गेली. तिने घड्याळावरची नजर हलवली नव्हती.

"ग्रेअम आहे फोनवर," डेस म्हणाला. "नोरीन अंगणात उभी आहे. गमबूट घालून. शिव्या देतेय. डब्याची मागची बाजू काळी पडलीय आणि भिंतीवरच्या रंगाला फोड आलेत. ग्रेअम म्हणतो, लाकूड इतकं तापलंय की तळवा टेकवत नाही. तो पाणी मारतोय."

"वीज बंद आहे ना, ते आधी बघ म्हणावं," मेरेआना कशीबशी म्हणाली.

"बंद आहे."

झोपडीत कुणीतरी रडू लागलं. मेरेआनाला रडूही येत नव्हतं. तिला वाटलं, संपलं. पण रेडिओ पुन्हा खरखरला.

"मेरेआना, वाटी बोलतोय. गेल्या हिवाळ्यात आमचं यंत्र तू केलं होतंस. घरी सून आणि बाळ आहे. ओव्हर."

"तुमच्यात नवा सेन्सर आहे, अंकल. ओव्हर."

मग उत्तरेच्या बेटावरून एक बाई. मग आणखी एक. कुणी ओरडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. प्रत्येकाने फक्त आपापल्या घराचं विचारलं, आणि तिने प्रत्येकाला नाही म्हणून सांगितलं, फक्त ते एकच, दुसरीकडे कुठेच नाही. आमच्या बेटावरून मीही विचारलं. खोटं कशाला सांगू, माझीही म्हातारी आई घरी एकटीच होती.

सगळं झाल्यावर अंकल वाटी पुन्हा आला. मेरेआना जन्मली तेव्हा तिला पहिलं कुशीत घेणाऱ्यांतला तो.

"खरं ना, पोरी?" त्याने विचारलं.

बोट तीन दिवसांनी आली. पक्ष्यांच्या चरबीचा वास अंगावर तसाच घेऊन मेरेआना टपालातून सेन्सरचं पाकीट घेऊन सरळ रिव्हर्टनला गेली. आंटीने डेसकडून निरोप पाठवला होता: दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही, तूच ये. दारात आंटी कोट आणि लोकरीची टोपी घालून उभी होती. तिने मिठीही मारली नाही आणि रागेही भरली नाही. स्टूल उचललं आणि मागच्या अंगणात डब्याशेजारी नेऊन ठेवलं.

"आंटी, आत जाऊन चहा टाकशील?"

"नाही," आंटी म्हणाली आणि बसली.

मेरेआनाने झाकण काढलं. घड्याळ लावून दहा मिनिटं थांबली, आणखी दहा थांबली, मग मीटर लावून बोर्डाच्या पोटात काही उरलं नाही ना ते तपासलं. आत हात घातला तेव्हा तो इतका कापत होता की मीटरची काडी डब्याच्या पत्र्यावर वाजू लागली.

"हात का कापतोय गं?"

"भीती वाटते, आंटी." तिने मान वर केली नाही. "या डब्याची. शॉक बसला तेव्हापासून. नऊ वर्षं झाली."

"म्हणून मला चहा टाकायला पाठवायचीस."

"हो."

आंटीने टोपी कानांवर ओढली. "वेडी कुठली," ती म्हणाली. "सांगितलं असतंस तर मी बसले नसते का शेजारी? मला दुसरं काय काम असतं?"

मेरेआनाच्या हातातून मीटर खाली पडलं आणि मग ती रडली, तीन दिवसांचं सगळं रडली. आंटीने तिला रडू दिलं. मग खिशातून रुमाल काढून दिला आणि म्हणाली, "आता कामाला लाग, मला थंडी वाजतेय."

सगळा दिवस गेला. जळालेल्या तारा बदलल्या. गॅस खरंच कमी होता. भोक सापडलं, ते बुजवलं, गॅस भरला. नवा सेन्सर नळीला घट्ट बांधला. गंजलेला स्विचही बदलला. तो तुकडा तिने कापून काढला, तेव्हा आंटीने हात पुढे केला. तळहातावर घेऊन तिने तो चष्म्याजवळ नेला.

"एवढासा?"

"एवढासाच."

आंटीने तो कोटाच्या खिशात टाकला. मेरेआनाने झाकणाच्या आतल्या बाजूला नाव आणि तारीख लिहिली, आणि खाली काय लावलं होतं तेही लिहिलं, मार्चची तारीख घालून. मग झाकण लावलं आणि यंत्र सुरू केलं. लाल दिवा लुकलुकला नाही. थोड्या वेळाने घराच्या आतून गरम हवेची घरघर ऐकू येऊ लागली.

"झालं, आंटी. चल आत. आता काळजी नको."

म्हणता म्हणता तिलाच ते शब्द ओळखीचे वाटले. आंटी स्टुलावरून उठली नाही. तिने हातमोजा काढला आणि फोड आलेल्या भिंतीवर तळवा टेकवला.

"तू जा, पोरी. दमली असशील. मी बसते इथे थोडा वेळ."

ऊन कधीच गेलं होतं आणि गवतावर दहिवर धरू लागलं होतं. आतल्या खोल्या गरम होत होत्या आणि त्यांत कुणी नव्हतं. मेरेआना गेली नाही. तिने बादली उपडी केली, आंटीच्या शेजारी बसली आणि आपलाही हात भिंतीवर ठेवला.